तात्यांचं राइट टाइम आम्लेट

तात्या रोज सकाळी सहाला पाच कमी असताना माझ्या खोलीचं दार वाजवायचे. आत यायचे, गळ्यातली तुळशीची माळ काढून माझ्या सदऱ्याच्या खिळ्याला अडकवायचे, खिशातून कापसाचे दोन बोळे काढून नाकपुड्यांत घालायचे, मनगटावरचं घड्याळ सोडून स्टोच्या शेजारी ठेवायचे आणि कोंदलेल्या आवाजात म्हणायचे, "हं, कळमनुरी, सोडा गाडी."

मग आम्ही दोघं मिळून झिंग्याचं आम्लेट करायचो.

ज्या माणसानं जन्मात मासळी तोंडात घातली नाही, घरात अंडं आलं तरी जो गॅलरीत जाऊन उभा राहायचा, तो माणूस एक महिना रोज सुके झिंगे परतत होता. हे मी कारखान्यात सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं, मीच काहीतरी रचून सांगतोय.

कळमनुरी म्हणजे मी. माझं नाव मारोती, पण तात्यांनी ते कधी घेतलं नाही. ते औरंगाबादच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार, किती वाजता सुटणार, हे भोंग्यातून सांगायचं काम. वीस-बावीस वर्षं ते करून त्यांना माणसं गावाच्या नावानंच ओळखू यायची. दूधवाला आमच्या हर्सूलचाच, म्हणून तो 'लोकल'. घरासमोरचे शिक्षक 'सोयगाव'. सूनबाई 'देवगड'. आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, ते 'हेड ऑफिस' म्हणायचे, अर्थात त्या ऐकत नसताना.

मी त्यांना स्टँडवरच सापडलो होतो. सातवीत शाळा सोडली, पुढं मेंढरं राखली, आणि सव्विसाव्या वर्षी कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. पण एकट्या माणसाला खोली कुणी देईना. दोन दिवस ट्रंक घेऊन स्टँडच्या बाकावर बसलो. तिसऱ्या सकाळी खिडकीतून आवाज आला, "ओ ट्रंकवाले, कुठं जायचंय?"

"कुठंच नाय जी."

"मग कोणत्या गाडीची वाट बघू राह्यला?"

ड्यूटी संपल्यावर तात्या मला हर्सूलला घरी घेऊन आले आणि गच्चीवरची पत्र्याची खोली दाखवून म्हणाले, "हा तुमचा फलाट. लेट यायचं नाय." त्या दिवसापासून त्यांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी आधी कपडे काढू का एवढंच विचारलं असतं. स्वभावच तसा माझा. कुणी जागा दिली की ती काढून घेतील याची भीती त्याच मिनिटापासून सुरू.

तात्यांचं सगळं घड्याळावर चालायचं. हर्सूलच्या जेलमधला तासाचा टोल पडला की ते हातातला घास थांबवून मनगट बघायचे. चहा उकळायला चार मिनिटं, दाढीला सात, पूजेला अकरा. काकू देवळातून आल्या की "राइट टाइम" म्हणायचे, आणि शेजारणीशी बोलत थांबल्या तर "वीस मिनिटं लेट, कारण समजलं नाही." त्यांचं शिक्षण पोलीस ॲक्शनच्या आधीचं, उर्दू शाळेतलं. रझाकारांची धामधूम संपली, शाळा मराठी झाली, पण तात्यांचं खासगी लिखाण उर्दूतच राहिलं. वाण्याची यादीसुद्धा ते उजवीकडून डावीकडं लिहायचे आणि वाणी ती परत पाठवायचा.

आता आम्लेटाचं कारण सांगतो.

तात्यांचा मुलगा मोजणीखात्यात. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात बदली झाली तेव्हा देवगडकडची सुलभाताई त्यानं पसंत केली आणि लग्न करून आणली. पुढं त्याची बदली सोयगावला झाली, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी जायचा. सुलभाताई हर्सूलला सासू-सासऱ्यांजवळ. घर माळकरी. समुद्राकाठची पोरगी बाजरीची भाकरी आणि पिठल्यावर दीड वर्ष राहिली, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण दिवस गेले आणि सगळं बिघडलं. चौथा महिना लागला तरी पोटात अन्न ठरेना. गाल बसले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सकाळी उठल्या उठल्या, मळमळ चढायच्या आत काहीतरी पोटात गेलं पाहिजे. जे आवडतं ते द्या. महिनाभरात वजन वाढलं नाही तर माहेरी पाठवा. तिकडचं खाणं तिला मानवेल."

माहेरी पाठवा म्हटल्यावर तात्यांचा चेहराच पडला. ते संध्याकाळी ड्यूटीवरून आले की सुलभाताई पाण्याचा तांब्या देत विचारायच्या, "तात्या, आज कुठली गाडी लेट?" आणि तात्या पाऊण तास सांगायचे. गंगापूर गाडीचं चाक कुठं बसलं, कोणता कंडक्टर कुणाशी भांडला, एका म्हाताऱ्यानं बोकड तिकीट काढून कसा बसवला. काकूंना यातलं काही ऐकायचं नसायचं आणि मुलगा वडिलांसमोर हूं-हूं करून उठायचा. त्या घरात बोलकं माणूस एकच होतं, ते देवगडहून आलेलं. ते पंधरा तासांच्या अंतरावर जाणार म्हटल्यावर तात्या गच्चीवर येऊन माझ्या ट्रंकेवर बसले.

"कळमनुरी, तिला काय आवडतं, ठावं आहे का?"

"नाय जी."

"मी ऐकलंय. त्या समोरच्या सोयगावच्या मास्तरणीला सांगत होती. तिची आई सकाळी सुक्या झिंग्याचं आम्लेट करती. पाच मिनिटांत होतं म्हणे. पाच मिनिटं! आपल्याकडं पाच मिनिटांत काय होतं? काही नाही होत."

"पण काकू..."

"कोजागिरीपासून काकडा सुरू होतोय. हेड ऑफिस सव्वापाचला देवळात, साडेसहाला परत. देवगड सहाला उठते. मधे अर्धा तास लाईन मोकळी. खालच्या घरात भांडं वापरता येणार नाही, म्हणून डेपो तुमच्या खोलीत."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पहिल्या दिवसाचं आम्लेट आठवलं की अजून माझी जीभ जळते. आम्ही दोघं मराठवाड्याचे. मला झिंगे माहीत, पण तव्यावर भाजून लसणाबरोबर कुटायचे, भाकरीसंग खायचे. तात्यांना तेवढंही नाही. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून त्यांनी ती पिशवी सायकलच्या कॅरियरला बांधून आणली, हँडलला वास नाकाशी येतो म्हणून. झिंग्यांची मुंडकी मोडायची असतात, शेपट्या काढायच्या असतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तसेच टाकले. वरून चमचाभर काळा मसाला. तात्या म्हणाले, "दाण्याचं कूट टाका. त्याच्याशिवाय चव कशी येईल?" मला पण ते पटलं. मूठभर कूट टाकलं.

नाकात बोळे असल्यामुळं तात्यांना वास येत नसे, म्हणून ते मला विचारत राहायचे.

"वास सांगा."

"कांद्याचा येतोय."

"आता?"

"अंड्याचा."

"आता?"

"आता जळल्याचा."

"दोन मिनिटं लेट!" म्हणत तात्यांनी ते ताटलीत उलटं केलं, वर दुसरी ताटली झाकली आणि जिना उतरले. पाच मिनिटांत परत आले. आम्लेट जसंच्या तसं.

"काय म्हणाल्या ताई?"

"हसली." तात्या ट्रंकेवर बसले. "म्हणाली, तात्या, हे तुमच्याकडचंच आहे की हो. हे आमच्याकडचं नव्हे. पण हसली, कळमनुरी. पंधरा दिवसांत पहिल्यांदा."

ते आम्लेट मी खाल्लं. पुढचीही मीच खाल्ली. तात्या चव घ्यायचे नाहीत आणि टाकून देणं मला जमत नाही. एकेक मिशी दातात अडकायची ती कारखान्यात दुपारच्या सुट्टीत निघायची. त्या महिन्यात सुलभाताईंच्या आधी माझं वजन वाढलं.

वासाचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न. काकू देवळातून आल्या की जिन्यातच थबकायच्या. "हे काय मेलं कुजलंय?" तात्या शांतपणे म्हणायचे, "तो वरचा पोरगा. मेंढरांमागचा माणूस, काय काय शिजवतो." आणि वर येऊन मला सांगायचे, "तुमचं नाव सांगितलंय. आपलं माणूस म्हणून सांगितलं, राग मानू नका."

राग कसला मानतोय, मी रोज ट्रंक बांधून ठेवत होतो. काकू गच्चीवर आल्या की मी पत्र्याला टेकून उभा राहायचो. एकदा त्यांनी विचारलंच, "कामून रे मारोती, तुमच्यात रोजच्याला खातात का हे?"

"व्हय काकू."

"सकाळी सकाळी?"

"वैद्यानं सांगितलंय," मी म्हणालो. त्या बिचाऱ्या खाली गेल्या आणि माझ्यासाठी ओव्याची पुडी घेऊन आल्या. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी त्यांचं सगळं दळण गिरणीतून आणून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात तात्यांना वाट सापडली. रत्नागिरीहून येणाऱ्या गाडीवर सावंत नावाचे ड्रायव्हर होते. गाडी फलाटाला लागली की तात्या भोंगा सोडून त्यांच्याकडं जायचे. दाण्याच्या कुटाचं ऐकल्यावर सावंतांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "देवा महाराजा! आमलेटात शेंगदाण्याचो कूट? कंट्रोलर साहेब, त्या सुंगटांनी तुमचा काय वाकडा केला हो?"

सुंगटं म्हणजे त्यांच्या बोलीत झिंगेच. मग सावंतांनी शिकवलं. मुंडकी मोडायची, शेपटी काढायची, झिंगे कोरडे भाजायचे, कोमट पाण्यात घालून घट्ट पिळायचे. कांदा आणि हिरवी मिरची परतून त्यात टाकायचे, हळद घालायची, मग अंडी. मसाला नाही, कूट नाही. तात्या हे सगळं हातावर लिहून घ्यायचे. मुंडकी मोडायचं काम ते ड्यूटीवरच करायला लागले. टेबलाच्या खणात कागद पसरून, चष्मा नाकावर, एका हातानं झिंगे सोलायचे, दुसऱ्या हातात भोंगा. माणसं खिडकीत वाकून विचारायची, "साहेब, गंगापूर कधी लागतीय?" आणि मग नाक दाबून मागं सरायची. तेवढ्या महिन्यात चौकशीच्या खिडकीला गर्दी नव्हती.

आणि मग तात्यांनी वेळापत्रक केलं. एका मोठ्या कागदावर, उर्दूत, माझ्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. "सीक्रेट आहे. हेड ऑफिसला वाचता येत नाही, तुम्हालाही नाही." आम्लेट सुधारत गेलं. सुलभाताई आधी दोन घास खायच्या, मग अर्धं. अर्धं खाऊन ठरलं, त्या दिवशी तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून आठवते.

त्याच सुमारास काकू मिरच्या वाळवायला गच्चीवर आल्या. मी नळावर होतो, दार उघडं. त्यांनी तो कागद बघितला. खाली डोकं वर पाय अशी अक्षरं, मधे आकडे, कोपऱ्यात तेलाचा डाग. काकूंच्या मनात एकच आलं: सूनबाईच्या पोटात अन्न ठरत नाही, आणि वर भाडेकरूच्या दारामागं हा असला कागद. त्यांनी तो ओरबाडून काढला आणि सरळ कोपऱ्यावरच्या कासिमभाईंच्या सायकल दुकानात गेल्या. मी ओल्या अंगानं मागं.

"भाई, हे वाचा. कुणी काय केलंय आमच्या घरावर?"

कासिमभाईंनी हात पुसले, कागद उजेडात धरला. "पाँच पचपन, स्टो. पाँच अठ्ठावन, प्याज. छे एक, झिंगे."

"काय?"

"झिंगे, भाभी, झिंगे. छे चार, अंडे तीन. छे सात, पलटी. छे नौ, रवाना. छे दस, देवगड." कासिमभाईंनी डोकं खाजवलं. "बस का टाइम टेबल लगता है. मगर इसमें अंडे कायकू डाले?"

काकूंनी कागद परत घेतला. कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि घराकडं चालू लागल्या. मी मागून चालत होतो आणि मनातल्या मनात ट्रंकेचं कुलूप लावत होतो. जिन्यापाशी त्या वळल्या.

"खाती का ती?"

"व्हय काकू."

"किती?"

"आता अर्धं."

"पोटात राह्यतं?"

"दोन दिवस झाले, राह्यतंय."

काकूंनी जिन्याच्या कठड्यावरची धूळ पदरानं पुसली. "मला काही सांगू नका. मला काही ठावं नाही. माझ्या घरात असलं काही होत नाही." मग जरा थांबून, "आणि ह्यांना म्हणावं, खोबरं घाला थोडं ओलं. ती सारखं खोबरं मागती." दुसऱ्या दिवसापासून रोजचा काकडा झाल्यावर काकू देवळात दहा मिनिटं जास्त बसायला लागल्या. तात्या घड्याळ बघून म्हणाले, "हेड ऑफिस लेट आहे. कारण समजलं नाही." मी कांदा चिरत राहिलो. कागद कुठं गेला हे त्यांनी विचारलं नाही.

काकड्याचा महिना संपायला दोन दिवस असताना सावंतांनी देवगडकडचे झिंगे आणून दिले, सोबत चार आमसुलं. "ही भिजवून त्याचं पाणी शिंपडा वरसून. आणि खोबरेल तेल घाला. बाकी काय करू नका, हात बांधून बसा."

त्या दिवशीचं आम्लेट वेगळंच होतं. खोबरेल तेलाचा वास मला आधी डोक्याला लावल्यासारखा वाटला, पण कांदा पडला, झिंगे पडले, वरून आमसुलाचं पाणी चर्र झालं, आणि माझ्या खोलीत कुठल्यातरी दुसऱ्याच गावाची सकाळ झाली. तात्या म्हणाले, "वास सांगा." मी कधी समुद्र बघितला नव्हता.

ते स्वतः ताटली घेऊन गेले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबलो. सुलभाताईंनी पहिला घास घेतला, मग दुसरा, मग न बोलता सगळं. बोटानं ताटली पुसून घेतली. मला वाटलं, झालं, जिंकलो. आता त्या हसतील.

त्या रडायला लागल्या. आधी हळू, मग हमसून. "तात्या," त्या म्हणाल्या, "अगदी आईच्या हातचं झालंय. तात्या, मला आईकडे न्या हो. मला आईकडे जायचंय."

तात्या रिकामी ताटली घेऊन जिना चढून आले. नाकात बोळे तसेच. ताटली खाली ठेवली, घड्याळ मनगटावर बांधलं.

"फारच चांगलं झालं हो कळमनुरी," ते म्हणाले. "चुकलं आपलं. थोडं कूट टाकायला पाहिजे होतं."

त्यांच्या जागी मी असतो तर चार दिवस काढले असते, डॉक्टरीणबाईंचं नाव पुढं केलं असतं. वजन तर वाढलं होतं, राहा म्हणायला कारण होतं. तात्यांनी त्याच दुपारी सावंतांच्या गाडीचं पुढचं सीट धरलं. डॉक्टरीणबाईंना विचारून आले. मुलाला सोयगावहून बोलावून घेतलं सोबतीला. काकूंनी लाडू केले, मेथीचे वेगळे, डिंकाचे वेगळे.

निघायच्या सकाळी मी पण स्टँडवर गेलो होतो, पिशव्या उचलायला. गाडी भरली, सावंत स्टिअरिंगवर बसले, कंडक्टरनं घंटी दिली. तात्या भोंग्यावरून म्हणाले, "रत्नागिरी गाडी थांबेल. टायरची हवा तपासायची आहे." हवा तपासली. मग म्हणाले, "मागची काच घट्ट नाही." काच तपासली. मग रेडिएटरचं पाणी. वीस-बावीस वर्षांत ज्यानं मंत्र्याच्या पाहुण्यासाठी गाडी धरली नव्हती, त्यानं ती अकरा मिनिटं धरली. शेवटी सावंतांनीच खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, आता माझाच पाणी तपासतलात काय?"

तेव्हा तात्यांनी गाडी सोडली. भोंग्यावर गावांची नावं सांगताना देवगड कुठंच नव्हतं, गाडी तिकडं जातच नव्हती. तरी तात्यांनी ते सांगितलं, सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या सकाळी काकडा नव्हता. काकू खाली झोपलेल्या. सहाला पाच कमी असताना दार वाजलं. तात्या आत आले. स्टोकडं बघितलं, पण पेटवला नाही. ट्रंकेवर बसले. मी पाणी दिलं. जेलचा टोल पडला तरी त्यांनी मनगट बघितलं नाही.

"तुमची आई," ते म्हणाले, "ह्या टायमाला काय करत असती?"

चार वर्षं मी ह्या शहरात होतो. हे कुणी विचारलं नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला. मग सांगितलं. आमच्यात कोकरं रात्री वेगळी कोंडतात. फटफटायला आई आत जाते, एकेक कोकरू उचलते आणि ज्याच्या त्याच्या मेंढीपाशी नेऊन सोडते. दोनशे कोकरं, पण तिचं चुकत नाही. मेंढी आधी हुंगते, मग पाजते.

तात्या ऐकत होते. "आणि एखाद्याची माय जवळ नसली तर?"

"तर दुसरीला लावून बघतात. बहुतेक मेंढ्या लाथ मारत्यात तात्या. एखादी असती मायाळू, घेती जवळ."

"मग राह्यतं का ते तिच्याजवळ?"

"पितं. पण वरडत राह्यतं. माय आली की पळतंच तिकडं."

तात्यांनी मान हलवली. खाली काकूंनी बंब पेटवल्याचा आवाज आला.

"आणि ती मेंढी? जिनं जवळ घेतलं ती?"

"ती बी वरडती," मी म्हणालो. "दोन-चार दिवस."

"दोन-चार दिवस," तात्या म्हणाले. मग त्यांनी चपला काढून नीट कडेला ठेवल्या. "बसतो मी इथं जरा."